तळ बगून सांगतो

आमचे बाबा कुकर चावतात.

म्हणजे कुकर नाय, दांडा चावतात, पण लांबून बघणाऱ्याला तसंच वाटतं. कुकर गॅसवर चढला की बाबा आपला लाकडी दांडा घेऊन येतात, एक टोक कुकरच्या कडीवर टेकवतात, दुसरं टोक दातात धरतात आणि डोळे मिटून उभे राहतात, पूजेला उभे राहिल्यासारखे. मग दांडा तोंडातून काढून सांगतात, "तांदूळ नाचतंय. आजून तळ बसला नाय." शिट्टी झाली तरी गॅस बंद करू देत नाय. भात खाली लागतो तो लागतोच.

बाबा म्हणजे माझे सासरे. माझं माहेर बोईसरचं, वडील जळगावकडून कंपनीत कामाला आलेले, चाळीत वाढले मी, नववीत शाळा सुटली, मग पॅकिंगला लागले आणि तिथंच नितेश भेटला. लग्न करून चिंचणीला आले आणि पहिल्याच सकाळी चहा टाकायला उठले तर हे, सत्तरीचा माणूस कुकरला दांडा लावून चावतोय. मी तशीच मागे फिरले आणि नितेशला उठवलं, बोलले तुझ्या बाबांना काय होतंय. तो कूस बदलून बोलला, "काय नाय, ते तळ बघतायत."

मी घाबरटच हाय. पालीला घाबरते, विजेला घाबरते, खाडीला तर एवढी घाबरते की लग्नानंतर कितीतरी दिवस घराचं मागचं दार उघडलं नव्हतं, कारण मागे खाडी हाय. अशा बाईच्या नशिबात हा सासरा.

तो दांडा म्हणजे वल्ह्याचा दांडा. पातं कधीतरी खडकावर तुटलं, दांडा राहिला. सागाचा हाय, माझ्या उंचीचा, हात लागून लागून गुळगुळीत झालेला, आणि वरच्या टोकाला दातांच्या खुणा, उंदरानं कुरतडल्यासारख्या. गावात बाबांचं खरं नाव कोणाला आठवत नाय, सगळे दांडाबाबा बोलतात.

ही सवय लागली समुद्रात. बाबा डोल लावायचे. डोल म्हणजे पिशवीसारखं मोठं जाळं, तळाला खुंट ठोकून त्याला बांधतात, भरती-ओहोटीचं पाणी त्याच्यातून वाहतं आणि मासा आत जातो. बाकीचे लोक पाणी वरून बघायचे. बाबा वल्हं खाली चिखलात रोवायचे आणि वरचं टोक दातात धरायचे. मला त्यांनी एकदा चहाच्या कपात बोट फिरवून समजावलं होतं, चहा माझा होता.

"वरचं पानी लबाड, बाय. वर तेल वतल्यासारकं सरळ जाते, तुला वाटते शांत हाय. खाली ते चिखलाला घासते. घासलं का अडकते, अडकलं का फिरते. भोवऱ्यात भोवरा, त्याच्यात आजून बारका भोवरा, तुमी बाया वेनी घालता ना, तसं. चिखल उचलते, रेती पळवते. जाळं हाय खाली, आन मानूस बघते वर."

दातात आवाज येतो म्हणे. रेती पळाली की खर्र, चिखल उठला की गुबगुब, आणि ढोमा मासा आला की टर्र टर्र, बेडकासारखा. "तळ उठला" म्हणजे जाळं पिळलं जाणार, लांब राहा. "तळ बसला" म्हणजे चला.

इथपर्यंत ठीक होतं, समुद्रात काय करायचं ते करा. पण बाबांनी ते घरात आणलं. पाण्याच्या मोटरला दांडा, मिक्सरला दांडा, शेजाऱ्यांची भांडणं चालू असली की मधल्या भिंतीला दांडा. सासूबाई सकाळपासून एक शब्द बोलल्या नाय तर बाबा मला डोळ्यानं खुणावणार, "वर शांत हाय. तळ उठलाय. लांब रा." मधे आपल्याकडं जमीन हलायची, लोक घराबाहेर बसायचे, तेव्हा बाबांनी अंगणात दांडा लावला आणि सांगितलं आता मोठा धक्का येतो. अख्खी आळी मैदानात जाऊन बसली. मागच्या रस्त्यावर डंपर खडी ओतत होता.

माझे दिवस भरत आले होते तेव्हाची गोष्ट तर सांगायला पण लाज वाटते. मी खाटेवर पडलेली, बाबा आले, खाटेच्या पायाला दांडा लावला आणि बाहेर जाऊन जाहीर केलं की जुळी हायत, दोन ठोके ऐकले. मी रडायला लागले, एकालाच घाबरत होते, दोघांना कसं सांभाळणार. नितेशनं कंपनीतून उचल घ्यायची तयारी केली. मग सासूबाईंनी फ्रिजची पिन काढली आणि बाबांना परत ऐकायला लावलं. एकच ठोका राहिला.

लग्नात डीजे लागला की सगळी म्हातारी माणसं कानावर हात ठेवून मागे सरकतात. बाबा पुढं जाणार. डीजेवाला पोरगा आधी घाबरला, त्याला वाटलं हा म्हातारा दांडा घेऊन मारायला येतोय. बाबांनी दांडा बॉक्सला टेकवला, दातात धरला आणि पूर्ण वरात होईपर्यंत मान हलवत उभे. घरी येऊन बोलले, "आज गानं झालं." आम्ही किती हसलो.

आणि दात. बाबा ऊस खात नाय, चणे खात नाय, सुपारीला हात लावत नाय. रोज कडुलिंबाची काडी घेऊन पायरीवर बसणार, एकेक दात घासणार, भांडं घासल्यासारखा. कोण पोरगं चॉकलेट खाताना दिसलं की दम देणार, "दात सांबाळ रे. दात गेलं म्हंजे कान गेलं." पोरं पळताना मागून ओरडायची, नाक गेलं म्हंजे पाय गेलं.

पण सगळ्यात डोकं फिरवणारी गोष्ट वेगळीच. बाबांना काही विचारा, उत्तर एकच. बाबा, चहा घेणार? "तळ बगून सांगतो." बाबा, लाईट बिल भरलं? "तळ बगून सांगतो." बाबा, उद्या लग्नाला येणार का? "तळ बगून सांगतो." आणि सांगत कधीच नाय. मी आपला चहा करून समोर ठेवायची, भरपूर आलं ठेचून, ते पिऊन टाकायचे. सासूबाई दिवसभर त्यांच्या नावानं बडबडायच्या. "जलमभर कोनाचं ऐकलं नाय या मानसानं. दगडाशी लगीन लावलं असतं तर दगड पाझरला असता." सगळं गाव तेच बोलतं. दांडाबाबा कोनाचं ऐकत नाय.

आता माझ्या माहीचं सांगते.

माही दीड वर्षाची झाली तरी बोलत नव्हती. आई नाय, मम्मा नाय, काहीच नाय. हाक मारली तर बघायची नाय. मला वाटायचं खेळात हाय. मग अंगणवाडीच्या ताई बोलल्या, तिचे कान एकदा पालघरला दाखवून घ्या. तेवढंच बोलल्या त्या, चांगल्या मनानं बोलल्या, पण त्या दिवसापासून माझं डोकं थाऱ्यावर नाय. कोणाला सांगितलं पण नाय. नितेशला काय सांगू, सासूबाईंना काय सांगू, एकदा तो शब्द तोंडातून निघाला की तो माझ्या पोरीला चिकटणार असं वाटायचं. आणि मी दिवसभर तिच्या मागे जाऊन टाळ्या वाजवायची. डबे आपटायची. चमचा वाटीवर मारायची. कधी वळायची ती, मग मी खूश, मग कळायचं माझी सावली दिसली म्हणून वळली.

"भांडी काय म्हनून आपटतेस गो?" सासूबाई विचारायच्या. "माज्यावर राग हाय तर तोंडानं बोल."

एक दिवस दुपारी सासूबाई सुकी मच्छी घेऊन बोईसरच्या बाजाराला गेलेल्या. पडवीत माही बसलेली आणि तिच्या बाजूला बाबा, दोघांची पाठ माझ्याकडं. मी आतून स्टीलचं ताट आणलं, मोठं, आणि हात वर करून फरशीवर सोडून दिलं. शेजारच्या घरातलं कुत्रं भुंकायला लागलं, पलीकडून कोणतरी विचारलं काय पडलं. माही वळली नाय. मी बघत राहिले. ताट गोल गोल फिरत फिरत थांबलं. आणि मग मला दिसलं की बाबा पण वळले नाय. दोन पाठी, एक मोठी एक छोटी, समोर अंगणाकडं बघत बसलेल्या.

मला तेव्हा पण कळलं नाय बघा. मला वाटलं बाबा तर काय, कोणाचं ऐकतच नाय.

मी ताट उचलायला वाकले तर बाबांनी सहज मान फिरवली. त्यांनी ताट बघितलं, माझं तोंड बघितलं, मग माहीकडं बघितलं. खूप वेळ बघितलं.

दुसऱ्या दिवशी मी पुढच्या अंगणात कपडे वाळत घालून परत आले तर पडवी रिकामी. माही नाय. बाबा नाय. दांडा नाय. मागचं दार सताड उघडं.

मी कशी धावले ते मला आठवत नाय, एका पायात चप्पल होती एवढं आठवतं. धक्क्याला बाबांची लहान होडी बांधलेली, भरती नुकती लागलेली, पाणी कंबरभर असेल पण मला ते डोंगराएवढं दिसत होतं, आणि होडीत बाबा, त्यांच्या मांडीवर माही. मी धक्क्यावरून ओरडले. दोघांपैकी एक पण वळलं नाय.

मग मी होडीत उतरले. मी. दोन्ही हातांनी कड धरून, गुडघ्यावर रांगत, होडी डुलली की थांबत. बाबांपर्यंत पोचले आणि मग जे तोंड सुटलं माझं, जन्मात मोठ्या माणसाला असं बोलले नव्हते. अक्कल काढली, वय काढलं, दांडा तर शंभर वेळा काढला. बाबा हसून बघत होते. "ये बाय, बस," बोलले, मी काय पाहुणी आल्यासारखं.

तेव्हा माझं लक्ष माहीकडं गेलं. दांडा पाण्यात सरळ उभा होता, खालचं टोक चिखलात, आणि वरच्या टोकाला माझ्या लेकीनं तोंड लावलेलं. दोन्ही हातांनी धरलेला, नवे आलेले दात त्याच्यावर रुतवलेले, लाळ गळतेय, आणि ती हसत होती. नुसती हसत नव्हती. मधेच थांबायची, डोळे मोठे करायची, भुवया वर, कोणीतरी गुपित सांगितल्यासारखी, मग परत हसायची. बाबांनी दांडा चिखलातून उचलला. माहीचं हसणं बंद, ओठ बाहेर. परत रोवला. परत हसली.

"तळ उठलाय," बाबा बोलले. "भरती लागली का खाली गडबड चालू होते. ती ऐकते. कानानं नाय. हाडानं."

मी बोलले, काय बोलता तुमी, तिला ऐकू येतं? बाबा माझ्या ओठांकडं बघत होते.

"हळू बोल. तोंड दिसूं दे."

त्या ताटाचा आवाज मला परत आठवला, आणि दोन पाठी.

मग बाबांनीच सांगितलं, पाण्याकडं बघत. खुंटाची दोरी सुटली की बुडी मारून बांधावी लागायची. तळाला पाणी वेडं असतं, एक सरळ ढकलतं, एक फिरवतं, खुंटाला मिठी मारून राहावं लागतं, आणि कानात सुई घातल्यासारखं होतं. एकदा डावा पडदा गेला. मग उजवा. पू यायचा, मग पू पण थांबला आणि सगळंच थांबलं. नितेश तेव्हा शाळेत होता. "त्याचा आवाज माज्याकडं आजून बारक्या पोराचाच हाय," बाबा बोलले. "मिशी आली त्याला, पन बोलताना मला तसाच ऐकू येते."

मग सांगितलं का नाय कोणाला? मी तोंड मोठं करून, एकेक अक्षर करून विचारलं.

"भैऱ्याला होडीवर कोन जाऊन देईल? मागून लाँच आली तर? लोकं बोलली बाबा ऐकत नाय. मी बोललो बरं हाय, ऐकत नाय तर ऐकत नाय." त्यांनी माहीच्या हनुवटीवरची लाळ आपल्या टॉवेलानं पुसली. "तू लपवू नको, बाय. मी मोटा झाल्यावर भैरा झालो, माज्याकडं आवाज जमा हायत. हिच्याकडं काय नाय."

त्याच संध्याकाळी नितेश कामावरून आला, डबा खाली ठेवला नाय तर बाबा दांडा घेऊन त्याच्यासमोर उभे.

"नितेश, मला ऐकू येत नाय."

"ते सगळ्या गावाला माहीत हाय, तुमी कोणाचं ऐकत नाय."

"तसं नाय रे. ऐकूच येत नाय. आन पोरीला पन वरून ऐकू येत नाय. तिला पालघरला ने."

नितेश माझ्याकडं बघायला लागला. मी पदर तोंडात धरला. सासूबाई मांदेली साफ करत होत्या, मान वर न करता बोलल्या, "चला. बोलला येकदाचा."

"आई, तुला माहीत होतं?"

"बायको हाय मी त्यांची. शेजारीन नाय."

"मग इतकी वर्षं बडबडत कोणाला होतीस?"

"मला येळ जाईत नाय म्हनून बडबडते. त्यांना काय त्रास हाय त्याचा?" मग त्यांनी कोयता बाजूला ठेवला. "तुला सांगितलं असतं तर तू होडी काडून घेतली असतीस. मग काय दिवसभर माज्या चुलीला दांडा लावला असता त्यांनी."

मला वाटलं नितेश आता माझ्यावर ओरडणार, लपवलं म्हणून. तो आत गेला, माही खेळत होती तिच्या मागे उकिडवा बसला, आणि टाळी वाजवली. मग परत वाजवली. मग तसाच बसून राहिला, हात जोडल्यासारखे तिथंच.

पालघरला बाबा आमच्यासोबत आले, दांडा घेऊन. बोईसरपर्यंतचा रिक्षावाला बोलला, "चाचा, डंडा अंदर लो, किसी की आँख जाएगी." बाबा बोलले, तळ बगून सांगतो. एसटीत कंडक्टरनं विचारलं याचं तिकीट काढायचं का, तर त्याला पण तेच.

डॉक्टरबाईंनी माहीला औषध देऊन झोपवलं, डोक्याला तारा चिकटवल्या, कानात आवाज सोडला. मी काचेतून त्यांच्या तोंडाकडं बघत होते, तळ दिसतो का. मग त्यांनी कानाच्या मागे हाडावर एक बटणासारखं लावलं आणि परत तपासलं. बाहेर येऊन बोलल्या, कानाच्या पडद्यामागं घट्ट पाणी साचलंय, त्यामुळं बाहेरचा आवाज आत पोचत नाय, पण हाडातून दिलेला आवाज पोचतोय. म्हणजे आतला कान चांगला दिसतोय. औषध देऊ, परत तपासू, नाय सुकलं तर बारीक भोक पाडून नळी बसवू. मी विचारलं, बोलेल का ती. त्या बोलल्या, उशीर केला नाय तुम्ही, आशा चांगली हाय.

मी बाबांसमोर उभी राहिले आणि तोंड मोठं करून सांगितलं, पडद्यामागं पाणी.

"बोललो ना," बाबा बोलले. "पानीच लबाड."

औषध चालू हाय. तपासणीची तारीख अजून यायची हाय, आणि मी अजून घाबरते, ताट मात्र आता टाकत नाय. नितेशनं बाबांना समोर बसवून सांगितलं की होडी बंद. बाबांनी सांगितलं, तळ बगून सांगतो. आता हे ऐकून बोलले का न ऐकता बोलले, कोणाला कळलं नाय. शेवटी सासूबाईंनी निकाल दिला, कान असलेलं एक माणूस होडीत पाहिजे. सगळे कामाला जातात. घरात कान असलेलं रिकामं माणूस एकच निघालं. मी आता पाण्यात तरंगायचं लाल रंगाचं जॅकेट घालून पुढच्या बाजूला बसते, डोळे उघडे ठेवून, लाँचचा आवाज आला की हात वर करते.

काल दुपारची गोष्ट. बाबा पडवीत बसलेले, मांडीवर दांडा आडवा. मला चहा टाकायचा होता. मी दारातून विचारणार होते, सवयीनं, मग थांबले. जाऊन त्यांच्यासमोर बसले. दांड्याचं एक टोक उचलून त्यांच्या तोंडाजवळ नेलं. त्यांना कळलं नाय आधी, मग त्यांनी दातात धरलं. मोकळं टोक मी पदरानं पुसलं आणि माझ्या दातात धरलं. लाकडाला मीठ लागलेलं होतं. कोणी बघत नाय ना बघितलं, आणि दात न सोडता, जसं जमेल तसं बोलले, "बाबा, चहा घेणार?"

बाबांनी डोळे मिटलेले होते. मिटलेलेच ठेवले. मला वाटलं पोचलं नाय, परत बोलावं. मग दांड्यातूनच गुणगुणल्यासारखा आवाज माझ्या दातात आला, जबड्यात, डोक्यात.

"आर्दा कप. आन आलं नको टाकू. मला आलं आवडत नाय."

लग्न झाल्यापासून मी त्यांना आलं ठेचून चहा देत होते.

मी उठायला लागले तर त्यांनी दांडा तसाच धरून ठेवला.

"बारीक हाय तुजा आवाज," बोलले. "मला वाटायचं येवडी घाबरते, कापत असंल. नाय कापत." आणि मग, "आजून बोल."

मी विचारलं, काय बोलू?

"काय पन. बोल."

मधे माही दुडुदुडु चालत आली आणि दांड्याला मधोमध धरून उभी राहिली, गाल टेकवून. मग मी त्यांना सांगितलं की आज शेवग्याची भाजी केलीय, की सासूबाई बाजारातून अजून आल्या नाय, की शेजारच्यांची मांजर परत व्याली, की मला खाडीची भीती वाटते, की बोईसरला आमच्या चाळीत कंपनीचा भोंगा वाजला की सगळी पोरं त्याच्यासारखं ओरडायची, मी पण, आणि तो भोंगा मी त्यांना करून दाखवला, लाळ गळेपर्यंत.